आत्याला नेसवायचं लुगडं

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. सासरी तिनं सगळा जन्म काढलेला असो, कपाटात घडी न मोडलेल्या साड्यांची चळत असो, त्यातलं काही चालत नाही. माहेरचं माणूस लुगडं घेऊन दारात येईपर्यंत तिला उचलत नाहीत. बाकीच्या नातेवाइकांनी आणलेली लुगडी नुसती वरून पांघरायची आणि स्मशानात काढून घ्यायची. नेसवलेलं असतं ते माहेरचं, आणि तेवढंच तिच्याबरोबर जळतं. लहानपणापासून मी हे बघत आले आणि मला ते आवडायचंसुद्धा. लग्नाच्या दिवशी जिला वाटेला लावलं, तिला आपलं म्हणायला निदान शेवटी तरी कोणी येतं, असं वाटायचं. गेल्या डिसेंबरात माझी आत्या गेली आणि त्या लुगड्यापायी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही.

फोन आला तेव्हा उजाडायचं होतं. आत्याचा मुलगा बोलत होता. माझ्याहून लहान, मला ताई म्हणतो. रडत नव्हता, पण आवाज बसला होता. झोपेतच गेली, म्हणाला. मग म्हणाला, “ताई, लुगडं तुलाच आणायचंय. आईनं सांगून ठेवलंय तसं. तू येस्तोवर आमी तिला हलवत न्हाई.” हे त्याचे शब्द. मुद्दाम जसेच्या तसे लिहिते आहे, कारण दुपारपर्यंत त्या घरात ते कोणालाच आठवेनासे झाले होते, त्याला स्वतःलाही.

मलाच का, ते सांगायला हवं. आत्याला एकच भाऊ, म्हणजे माझे वडील. त्यांना मी एकटी. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, पुढे वडीलही गेले. ते गेले त्या वर्षीच्या दिवाळीत आत्या भाऊबीजेला नेहमीसारखी केडगावला आमच्या घरी आली. मला वाटलं, भेटेल, रडेल आणि जाईल. तिनं हॉलमधला टीपॉय भिंतीकडे सरकवला, पाट मांडला आणि मला म्हणाली, बस. मी म्हटलं, मला काय ओवाळतेस, मी काय भाऊ आहे तुझा? त्यावर ती म्हणाली, “माझ्या भावाचं दुसरं काय राहिलंय? तूच माझं माहेर.” माझा नवरा दारात उभा राहून हसू दाबत होता. मी डोक्यावर रुमाल घेऊन पाटावर बसले आणि तिनं मला ओवाळलं. तेव्हापासून दर वर्षी हे ठरून गेलं. ती ओवाळायची, मी ताटात लुगडं घालायची, ती रंगावरून कुरकुर करायची आणि दुसऱ्या दिवशी तेच नेसून एसटीत बसायची.

गेल्या दिवाळीत तिला दम्यानं धरलं होतं, म्हणून ती आली नाही. लुगडं आणून ठेवलेलं होतं. जांभळं, सुती, बारीक काठाचं. संक्रांतीला स्वतः नेऊन देऊ, असं मी म्हटलं होतं. त्या पहाटे ते कपाटातून काढून पिशवीत घातलं.

नवरा नुकताच सुप्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता आणि मशीनवर फोन जवळ ठेवू देत नाहीत. त्याला निरोप टाकला. शेजारची गावाला गेलेली. म्हणजे पोरांना घेऊन निघण्यावाचून इलाज नव्हता. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अजून तीनही पुरे न झालेला. थंडी अशी की नळाच्या पाण्यानं हात बधिर होत होते. मुलीला दोन स्वेटर चढवले. मुलाला कानटोपी घातली, ती तो ओढून फेकायचा, मी परत घालायची. आणि इतकं सगळं करून त्याची दुधाची बाटली ओट्यावरच राहिली, हे मला नगरच्या स्टँडवर कळलं.

केडगावहून राजूर म्हणजे जिल्ह्याचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, मग राजूर, आणि आत्याची वाडी त्याच्याही पुढे. थंडीत या रस्त्यावर आधी उसाचा हक्क, मग माणसांचा. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वर गाणी लावलेली, मागे लाल दिवा नाही की काही नाही. कोल्हारच्या अलीकडे त्यातली एक ट्रॉली कलंडली होती आणि निम्मा रस्ता उसानं भरला होता. गाडी थांबली. खाली उतरून लोक ऊस उचलून खायला लागले. एकानं माझ्या मुलीला कांडं मोडून दिलं आणि ती आनंदानं चोखायला लागली. मी तिच्या हातातून ते घेऊन खिडकीबाहेर फेकलं. तिचा काय दोष होता? पण मला तिकडे माझी आत्या ताटकळलेली दिसत होती आणि इकडे सगळ्या गाडीची सहल चालली होती. मुलगी रडायला लागली. तिचं बघून मुलगा रडला, रडता रडता त्याला उलटी झाली, आणि स्वेटर आतल्या सदऱ्यापर्यंत भिजला. ते सगळं काढून मी त्याला माझ्या शालीत गुंडाळलं. पुढचा सगळा रस्ता मी नुसत्या पंजाबी ड्रेसवर दात दाबून बसले होते.

त्या खोळंब्यात आतेभावाचे एकामागून एक फोन आले. कुठे पोचलीस, अजून किती वेळ. मी सांगितलं, रस्ता मोकळा होतोय, येतेच आहे, थांबा. दुसऱ्या फोनच्या वेळी मागून कोणाचा तरी म्हातारा आवाज स्पष्ट ऐकू आला. “बाईमाणूस ते, त्यात लेकरं संगं. ती काय येळंत येती व्हय?” आतेभावानं त्याला काही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, फोन कानाला असताना कसं देणार. नंतर त्याच्याशी बोलेल.

संगमनेरनंतर फोन यायचे थांबले. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, समजलं त्यांना, आता थांबतील. स्टँडवर दूध घेऊन मुलाला पाजलं, मुलीला बिस्किटाचा पुडा देऊन तिची समजूत काढली. अकोल्याच्या गाडीत ती विचारत होती, आत्याआजीला आपणच का साडी नेसवायची, तिच्या घरात साड्या नाहीत का? मी म्हटलं, आहेत, पण आजी आपल्याकडची आहे ना, म्हणून आपली. तिला ते लगेच पटलं. सहा वर्षांच्या पोरीला एका वाक्यात पटतं, ते पुढे मला पन्नास माणसांना ओरडून सांगावं लागलं आणि एकालाही पटलं नाही.

अकोल्याहून जीप. भरल्याशिवाय ती हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. मी ड्रायव्हरला सांगितलं, मयताला चाललेय, माहेरचं लुगडं माझ्याकडे आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि अर्ध्या जीपवर चावी फिरवली. आत बसलेल्यांपैकीही कोणी कुरकुर केली नाही. एक म्हातारी सरकून बसली आणि तिनं आपल्या पदराखाली माझ्या मुलीचे पाय घेतले. अनोळखी माणसं होती ती सगळी. राजूरच्या पुढे फाट्यावर ड्रायव्हरनं मुलाला खाली उतरवून माझ्या कडेवर दिलं. तिथून वाडीपर्यंत चालत. ऊन वर आलं होतं, पण डोंगराच्या सावलीतल्या गवतावर अजून दहिवर होतं आणि मुलीचे बूट भिजून तिचे पाय गारठले. मी तिला जवळजवळ ओढतच नेलं.

दारात माणसं उभी होती. शेकोटीभोवती पुरुष, ओट्यावर बायका. अंगणात तिरडी बांधून तयार होती. आणि ओट्यावर माझी आत्या. अंघोळ घातलेली, केस विंचरलेले, आणि अंगावर नवं कोरं फिकट लुगडं नेसवलेलं. खळीचा वास येत होता. पदर जिथे मुडपला होता, तिथे दुकानातली घडी तशीच कडक उभी होती.

मला आधी वाटलं, घरातलंच काहीतरी गुंडाळलंय, आता बदलतील. मी पिशवीतून जांभळं लुगडं काढलं आणि आत्याच्या जावेकडे दिलं. तिनं ते हातात घेतलं, पण माझ्याकडे बघेना. मग शेकोटीपाशी बसलेला भावकीतला एक म्हातारा म्हणाला की माहेरचं लुगडं मघाशीच आलं, नेसवून झालं, तुझं वरून टाक. आवाज ओळखला मी. फोनमधला तोच.

मी विचारलं, कोणाचं माहेर, कोणी आणलं? म्हातारा नुसती मान वळवून शेजारी बघायला लागला. तिथे माझा चुलत चुलत भाऊ बसला होता, वडिलांच्या चुलतभावाचा मुलगा. वडिलांच्या मूळ गावी राहतो. ते गाव तिथून मोटरसायकलवर अर्ध्या तासावर. त्याला बोलावून घेतलं होतं. येता येता त्यानं राजूरच्या बाजारात एका दुकानदाराला शटर उघडायला लावलं, पहिलं हाताला लागेल ते लुगडं घेतलं आणि झाला माहेरचा माणूस. माणूस वाईट नाही तो. पण आत्या दोन महिने अंथरुणाला खिळून होती तेव्हा अर्ध्या तासावरून तो एकदाही आला नव्हता. कुठल्या दिवाळीला त्यानं तिला बोलावलं नव्हतं. तिला काय रंग आवडतो, ते त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं.

मी म्हाताऱ्याला म्हटलं की आत्यानं स्वतः सांगून ठेवलं होतं. हिचं माहेर मी आहे. वडील गेल्यापासून दर भाऊबीजेला ती मला ओवाळत आली आहे. म्हातारा शांतपणे, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, “पोरी, तू दिल्या घरची. तुझ्या हातचं लुगडं म्हंजी तुझ्या सासरचं. माहेरचं कसं हुईल ते? त्याला गडीमाणूसच लागतो.” आजूबाजूच्या माना हलल्या. म्हणजे मी माझ्या बापाची कोणी नाही, आणि बापाच्या चुलतभावाचा मुलगा मात्र त्याचा सगळा. वडील आजारी होते तेव्हा त्यांचं हगणं-मुतणं मी काढलं, ते दिल्या घरची म्हणूनच काढलं बहुतेक.

मी आतेभावाकडे बघितलं. नुकतीच अंघोळ करून ओल्या धोतरावर तो उभा होता. हातात मडकं, दात वाजत होते. एक वाक्य बोलला असता तर पुरे होतं. पहाटे मला जे बोलला, तेच. आईनं सांगून ठेवलंय. घर त्याचं, आई त्याची, अग्नी तो देणार होता. त्याच्यापुढे त्या म्हाताऱ्याचं काय चाललं असतं? तो मडक्यातल्या निखाऱ्यांकडे बघत राहिला.

अंगणातून एक जण म्हणाला, लेकरं कशाला आणली असल्या जागी, थंडीची, मयताच्या घरी आणतात का? एव्हाना मुलगा माझ्या खांद्यावर झोपला होता आणि मुलगी माझ्या ओढणीला धरून थरथरत होती. मला इतका संताप आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. ताबडतोब ये म्हणणारे हेच. वेळेत येणार नाही म्हणणारे हेच. आल्यावर पोरं का आणली म्हणणारेही हेच. पोरं कोणाकडे टाकून येऊ? माझ्या माहेरी?

मी आत्याच्या जावेला म्हटलं, बदला. बायकांनी आडोसा धरला तर कितीसा वेळ लागतो? तिनं आणि आत्यानं एका घरात जन्म काढलेला, तिला सगळं ठाऊक होतं. ती माझ्या कानाशी म्हणाली, “म्या सांगितलं हुतं त्यांना. दोनदा सांगितलं. आमचं कोन आईकतंय?” मग म्हणाली, आता तिला पुन्हा उघडी करू नको बाई, तिचे हाल झाले लई. पुरुषांनी घाई केली होती आणि आता त्या घाईची लाज राखायची जबाबदारी आत्याच्या अंगावर येऊन पडली होती. मी जांभळं लुगडं उलगडलं आणि तिच्या अंगावर पांघरलं. वरून. इतरांच्या लुगड्यांसारखं. तिचा हात धरायला गेले, तो इतका गार होता की माझा सकाळपासून गारठलेला हातही त्यापुढे गरम वाटला. तिथे मी रडले, आणि रडताना माझी आत्या गेली म्हणून रडते आहे की चिडून, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

स्मशान ओढ्याच्या काठी. आमच्याकडे बायकाही जातात. मुलाला मी जावेच्या सुनेजवळ शेकोटीपाशी ठेवलं, मुलगी हात सोडेना म्हणून तिला बरोबर घेतलं. सरणावर ठेवण्याआधी वरची पांघरुणं काढायला सुरुवात झाली. एकेक काढून बाजूच्या झुडपावर टाकत होते. माझंही काढलं. मग आतेभाऊ ते हातात घेऊन माझ्याकडे आला. मी आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, “ताई, नवं हाय. वाया कशाला घालायचं? तू घिऊन जा.”

त्याला ते चांगुलपणाचं वाटत असणार. मी त्याच्या तोंडावर, सगळ्यांसमोर, त्याचे पहाटेचे शब्द त्याला ऐकवले. तू येस्तोवर हलवत नाही, असं म्हणाला होतास. आईनं सांगून ठेवलंय, असं म्हणाला होतास. ती मेल्यावर सहा तासही तुला तिचा शब्द सांभाळता आला नाही आणि आता मला लुगड्याची काटकसर शिकवतोस? मी त्याच्या हातातून लुगडं ओढून घेतलं, पुढे गेले आणि आत्याच्या पायांवर घातलं. मागून दोघं-तिघं म्हणाले, बाई, मागं सरक, लाकडं रचायचीत. मी हलले नाही. तेव्हा जाऊ पुढे आली आणि म्हणाली, राहू द्या ते. ती अंगानं एवढीशी, कोणासमोर कधी न बोललेली. तिचं ऐकलं की माझ्या अवताराला भ्यायले, कोण जाणे. आतेभावानं एक लाकूड उचललं, लुगड्याची टोकं त्याच्याखाली नीट सारली आणि ते परत ठेवलं. तेवढं त्यानं केलं. मला ते पुरलं नाही आणि आजही पुरत नाही. पण ते लुगडं जळालं, आणि वरच असल्यामुळे त्या फिकटाच्या आधी जळालं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

मयताच्या घरून निघताना येते म्हणत नाहीत. मला त्या दिवशी म्हणायचंही नव्हतं. पोरांना घेऊन सरळ फाट्यावर आले आणि जीपची वाट बघत उभी राहिले. तेवढ्यात चुलतभाऊ मोटरसायकलवरून आला. थांबला, उतरला. मुलांसाठी गोळ्या आणल्या होत्या, त्या दिल्या. आपलं जाकीट काढून त्यानं मुलीच्या खांद्यावर टाकलं. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो खरोखर माझी समजूत काढायला आला होता.

म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस. जुनी माणसं, त्यांची रीत. त्याचा काही आग्रह नव्हता, त्यांनी बोलावलं म्हणून तो आला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून मायेनं म्हणाला, “तुला बी भाऊ न्हाई. पन तू काळजी करू नको. तुझ्या येळंला बी लुगडं मीच आनीन.”

सकाळपासून मी आत्याच्या लुगड्यासाठी भांडत होते. माझ्याही अंगावर उद्या राजूरच्या किंवा कुठल्याही बाजारातलं पहिलं हाताला लागेल ते नेसवतील, हा माणूस ते मनापासून घेऊन येईल, आणि बाहेर माझी मुलगी पिशवी धरून उभी असेल, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी त्याचं जाकीट मुलीच्या खांद्यावरून काढून त्याला परत दिलं. म्हटलं, “दादा, तुझं लुगडं माझ्या अंगाला लागलं, तर मी उठून बसेन.”

त्याचा चेहरा उतरला. इकडेतिकडे बघत हलक्या आवाजात म्हणाला, असं अभद्र बोलू नये, लेकरं ऐकतात.

मी म्हटलं, “एकीनं तरी ऐकून ठेवावं म्हणूनच बोलले.”